रस्त्याच्या शास्त्राचा पूर्वपक्ष

ब्रिटनच्या वाहतूक खात्याने जुलै 2020 मध्ये सायकल मार्गांच्या रचनेविषयी एक मार्गदर्शिका काढली. सरकारी भाषेत तिचं नाव ‘लोकल ट्रान्सपोर्ट नोट 1/20’. 2008 सालच्या जुन्या मार्गदर्शिकेच्या जागी आलेली ही पुस्तिका सायकलला वाहनांच्या पंक्तीत बसवते, शहरी रस्त्यावर सायकलस्वार आणि पायी चालणारे यांना एकमेकांपासून वेगळं ठेवा म्हणते, आणि आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत कुणालाही त्या मार्गावरून जाता आलं पाहिजे अशी अट घालते. आरंभी 22 तत्त्वं दिलेली आहेत. त्यांतल्या एका तत्त्वापाशी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने थबकावं: सायकल मार्ग आखणाऱ्या प्रत्येकाने त्या रस्त्यांचा सायकलस्वार म्हणून स्वतः अनुभव घेतलाच पाहिजे. वरवर ही साधी व्यवहारी सूचना आहे. तिच्या पोटात मात्र ज्ञानाविषयीचा एक दावा आहे. नकाशावर वाकलेल्या माणसाला जे दिसत नाही ते सीटवर बसून पायडल मारल्यावर कळतं, असा तो दावा. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण मग पुढचा प्रश्न टळत नाही. त्याच रस्त्यावर पांढरी काठी टेकत जाणारा अंध माणूसही असतो. धडधाकट अभियंता सायकल चालवून बघू शकतो, आंधळा होऊन बघू शकत नाही. डोळ्यांना पट्टी बांधून अर्धा तास चालला तरी पट्टी सोडता येते हे त्याला पावलोपावली ठाऊक असतं. जो अनुभव आपल्याला कधी घेताच येणार नाही, तो जगणाऱ्यांसाठी नियम कोणत्या अधिकाराने करायचा?

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर लोकशाहीच्या शिष्टाचाराचं असतं: मसुदा जाहीर करा, हरकती-सूचना मागवा, मुदत संपली की फाइल पुढे सरकवा. विचारणं हा सौजन्याचा भाग मानला की घाई असेल तेव्हा सौजन्य बाजूला ठेवायला हरकत वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की रस्त्याचं शास्त्र लिहिताना लोकांना विचारणं हा आधी प्रमाणाचा प्रश्न आहे, सौजन्याचा नंतर. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ज्याला एखादी गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो तो आप्त, आणि त्याचा शब्द हे प्रमाण. यावर भाष्य करताना वात्स्यायनाने एक वाक्य लिहिलं आहे, त्याच्याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू पडतं, असं तो म्हणतो. म्हणजे शब्द प्रमाण ठरतो तो बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे यावर. त्याची पदवी, कूळ वा हुद्दा यांवर नाही. अंध पादचारी, हाताने पायडल फिरवून तीनचाकी चालवणारी अपंग बाई, माल लादलेली सायकल ओढणारा हमाल हे आपापल्या रस्त्यापुरते आप्त आहेत. त्यांना न विचारता लिहिलेलं शास्त्र उद्धट तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते एका प्रमाणाला मुकलेलं आहे.

हे केवळ शब्दांचे खेळ नाहीत, याचा दाखला ब्रिटननेच देऊन ठेवला आहे. हान्स मॉन्डरमन हा नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांताचा वाहतूक अभियंता. सिग्नल, पाट्या, पट्टे आणि फुटपाथच्या कडा काढून टाकल्या की माणसं नियमांऐवजी एकमेकांकडे पाहतात, नजरेला नजर देतात, वेग आपोआप उतरतो, असा त्याचा सिद्धांत. ड्राख्टन गावच्या चौकात त्याने तो करून दाखवला. कल्पना देखणी होती, आणि तिला एक नैतिक तेजही होतं: माणसावर विश्वास टाका, तो शहाण्यासारखा वागेल. ब्रिटनमध्ये तिला ‘शेअर्ड स्पेस’ या नावाने प्रतिष्ठा मिळाली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधला, दोन्ही अंगांना मोठमोठी संग्रहालयं असलेला एक्झिबिशन रोड 2012 च्या ऑलिम्पिकआधी असाच एका सपाटीत आणला गेला. फुटपाथची कड गेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच नक्षीदार फरशी आली. 2011 मध्ये खात्याने या पद्धतीची स्वतंत्र मार्गदर्शिकाही काढली. आता सिद्धांताचा खांब पाहा: नजरेला नजर. ज्याला नजरच नाही त्याने काय करायचं? त्याच्या दृष्टीने फुटपाथची कड म्हणजे रस्त्यावर लिहिलेली ओळ असते. काठी तिला लागते आणि कळतं की इथे आपलं संपलं, गाड्यांचं सुरू झालं. वाट दाखवणारा कुत्रा कडेपाशी थांबायला शिकवलेला असतो; कडच नसेल तर तो कुठे थांबणार? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये निरनिराळ्या उंचीच्या कडांवरून अंध व्यक्तींना प्रत्यक्ष चालवून पाहिलं, तेव्हा निदान 60 मिलिमीटर उंची असेल तरच ती भरवशाने ओळखू येते असं दिसलं. चार बोटांच्या रुंदीएवढी ही उंची. एवढ्यावर एका माणसाचं घराबाहेर पडणं अवलंबून असतं.

अंधांच्या संघटना हे आधीपासून सांगत होत्या. त्यांचं म्हणणं कुणी ऐकलंच नव्हतं असं नाही; ते ‘एका गटाची चिंता’ म्हणून नोंदवलं गेलं होतं. सिद्धांताच्या मुळावर येणारं प्रमाण म्हणून ते कुणी वाचलं नाही, हा खरा दोष. 2015 मध्ये लॉर्ड ख्रिस होम्स यांनी आपला अहवाल काढला. हे पॅरालिम्पिकमधले नामांकित जलतरणपटू, किशोरवयात दृष्टी गेलेले. त्यांच्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी 63 टक्क्यांनी अशा रस्त्यांचा अनुभव वाईट असल्याचं सांगितलं, आणि 35 टक्के लोक ते रस्ते टाळतच होते. ही पाहणी काही काटेकोर नमुना निवडून झालेली नव्हती, तेव्हा या टक्क्यांना लोकसंख्येचं मोजमाप समजू नये. पण टाळणाऱ्यांचा मुद्दा आकड्याहून मोठा आहे. जो रस्ता टाळतो तो त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या नोंदीत कधीच येत नाही, आणि मग अभियंता म्हणतो, पाहा, अपघात वाढले नाहीत. इथे अनुमान प्रमाण चुकतं, कारण त्याला लागणारी सामग्रीच शब्दप्रमाणातून यायची होती. अखेर जुलै 2018 मध्ये सरकारने गजबजलेल्या रस्त्यांवरच्या अशा सपाट योजना थांबवायला सांगितल्या आणि 2011 ची मार्गदर्शिका मागे घेतली. फरशी मात्र मागे घेता येत नाही.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, मग अंधांचं ऐका आणि उंच कड बांधा, मिटलं. मिटत नाही. कारण तीच कड व्हीलचेअरवाल्याला भिंत होते. त्याच्यासाठी कोपऱ्यावर फुटपाथ उतरता केला की अंध माणूस न कळता थेट रस्त्यात जातो. दोघांचाही शब्द खरा, दोघेही आप्त, आणि मागण्या परस्परविरोधी. अशा वेळी बहुमताने निकाल लावणं मूर्खपणाचं ठरेल. इथे गाठ सुटली ती वेगळ्या रीतीने. जपानमध्ये सेईइची मियाके यांनी 1965 मध्ये पायाला आणि काठीला जाणवतील अशा उठावाच्या फरश्या तयार केल्या. 1967 मध्ये ओकायामात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. पुढे उतरत्या फुटपाथच्या तोंडाशी त्या बसवण्याची रीत पडली, तेव्हा चाकांना उतार मिळाला आणि काठीला सीमा. आज आपल्या मेट्रो स्थानकांवर दिसणाऱ्या पिवळ्या फरश्या याच वंशातल्या. दोन खऱ्या शब्दांची टक्कर होते तेव्हा बहुधा आपली साधनं अपुरी असतात. विरोध ऐकून घेण्याचं फळ तडजोड हेच असतं असं नाही. कधी कधी ते नवी वस्तू असते.

मात्र आप्ताच्या लक्षणात एक मर्यादाही आहे, आणि सल्लामसलतीचे भाबडे कैवारी तिच्याकडे कानाडोळा करतात. माणूस आप्त असतो तो जे त्याला साक्षात ठाऊक आहे त्यापुरता. ब्रिस्टलमध्ये 2006 मध्ये सायकलवाद्यांच्या एका संस्थेने दुकानदारांना विचारलं की तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीने येतात. दुकानदारांचा अंदाज 41 टक्के निघाला. गिऱ्हाइकांना विचारलं तर मोटारीने आलेले फक्त 22 टक्के. दुकानदार खोटं बोलत नव्हते. गल्ल्यात रोज किती पडतं, माल उतरवायला टेम्पो कुठे उभा राहतो, पावसात दुकानासमोर पाणी साचतं का, या बाबतीत त्यांच्याइतकं जाणकार कुणी नाही. गिऱ्हाईक घरून कसं निघालं हे त्यांना काउंटरमागून दिसत नाही, तिथे ते आपल्यासारखेच अंदाज बांधतात. म्हणून आलेल्या हरकतींची गठ्ठ्यागठ्ठ्याने मोजणी करून ‘विरोध इतका, पाठिंबा इतका’ असा तक्ता करणं ही सल्लामसलतीची विटंबना आहे. एकच छापील मजकूर हजार जणांनी सह्या करून पाठवला तर तो हजार वेळा खरा होत नाही. आणि एका बधिर माणसाने एकट्याने लिहिलेलं ‘मागून येणारी घंटी मला ऐकू येत नाही’ हे वाक्य एकट्याचं म्हणून हलकं ठरत नाही.

मग ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इंग्लंडच्या न्यायालयांनी याचं उत्तर रस्त्याच्या नव्हे, शाळेच्या निमित्ताने दिलं. ब्रेंट या लंडनच्या परगण्यातल्या शाळांच्या फेररचनेवरून 1985 मध्ये गनिंग नावाचा खटला झाला, त्यात चार कसोट्या मान्य झाल्या: निर्णय कच्चा असतानाच विचारलं पाहिजे, उत्तर देता येईल इतकी कारणं सांगितली पाहिजेत, पुरेसा वेळ दिला पाहिजे, आणि आलेलं म्हणणं निर्णय पक्का करताना मनापासून विचारात घेतलं पाहिजे. 2014 मध्ये हॅरिंगे परगण्याच्या करसवलतीच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने या कसोट्या उचलून धरल्या. तिथे परगण्याने लोकांपुढे एकच पर्याय ठेवला होता. दुसरे पर्याय होते आणि ते का नाकारले, हे सांगितलंच नव्हतं. न्यायालयाने ती सल्लामसलत बेकायदा ठरवली. मला या कायद्यात आपल्या शास्त्रकारांचा पूर्वपक्ष दिसतो. प्रतिपक्षाचं म्हणणं, त्याने स्वतः मांडलं असतं तितक्या ताकदीने, आपल्याच ग्रंथात मांडल्याशिवाय सिद्धांत लिहायचा नाही, ही आपली जुनी शिस्त. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकारही सांगून ठेवले: तत्त्व कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं फक्त मोडायचं ती वितंडा. सायकल ट्रॅकवरच्या जनसुनावण्या पाहिल्या तर पहिला प्रकार दुर्मीळ. खातं जल्प करतं, विरोधक वितंडा करतात, आणि इतिवृत्तात सगळ्याला ‘साधकबाधक चर्चा’ म्हणतात.

पहिला गंभीर आक्षेप तज्ज्ञांचा आहे. पुलाला किती लोखंड लागेल हे आपण गावाला विचारत नाही. मग ट्रॅकची रुंदी का विचारायची? आक्षेपाला उत्तर त्या रुंदीतच आहे. लोखंड किती ताण सोसेल हे बघणाऱ्यावर अवलंबून नसतं. रुंदी किती पुरेल हे कोण जाणार यावर अवलंबून असतं. 2020 च्या मार्गदर्शिकेने आखणीसाठी जी नमुना सायकल धरली ती 2.8 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद आहे. साधी दुचाकी याहून कितीतरी आटोपशीर असते. हा आकडा तीनचाकी, हाताने चालवायच्या आणि माल वाहायच्या सायकलींना सामावून घेतो. लंडनच्या ‘व्हील्स फॉर वेलबीइंग’सारख्या अपंग सायकलस्वारांच्या संस्था वर्षानुवर्षं हेच सांगत होत्या: मोटरसायकली अडवायला तुम्ही वाटेत जे लोखंडी आडोसे उभे करता, त्यांत आमची तीनचाकी अडकते, आणि ‘सायकलवरून उतरा’ ही पाटी ज्याला उतरताच येत नाही त्याला हाकलून लावते. गणित अभियंत्यानेच करायचं आहे. त्या गणितात कोणतं शरीर धरायचं, हे गणित सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो तत्त्वज्ञांकडून येतो. जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये सुचवलं की न्याय्य नियम हवे असतील तर आपण समाजात कोण असणार हे ठाऊक नाही असं समजून ते ठरवा. मग आपण अंध निघू, अपंग निघू, या भीतीने माणूस आपसूक सगळ्यांची काळजी घेईल. प्रत्यक्ष विचारत बसायची गरज काय? मॉन्डरमनचा चौक हे याचं उत्तर आहे. तो दुष्ट नव्हता, निष्काळजी तर मुळीच नव्हता. त्याच्या कल्पनेत फक्त बघणारी माणसं होती, आणि कल्पनेत जे नाही त्याची उणीव कल्पनेला जाणवत नाही. या मुद्द्यावर मला रॉल्सपेक्षा डॉ. आंबेडकर जवळचे वाटतात. जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष देताना त्यांनी मांडलं की मतांचं प्रतिनिधित्व पुरेसं नाही, माणसांचंही प्रतिनिधित्व लागतं. अस्पृश्यांचं दुःख अस्पृश्यच मांडू शकतात. तो प्रश्न मानवी प्रतिष्ठेचा होता, त्याला फुटपाथच्या कडेशी जोडताना प्रमाणाचं भान ठेवायला हवं. पण युक्तिवादाची रचना तीच आहे. भल्या माणसाने आपल्या वतीने विचार करणं आणि आपण स्वतः त्या टेबलाशी बसणं यांतलं अंतर सद्भावनेने भरून निघत नाही.

आणि टेबलाशी बसायला येतं कोण? सुनावणी दुपारी असते, सूचना संकेतस्थळावर असते, मसुदा इंग्रजीत असतो. रात्रपाळी संपवून पहाटे सायकलने घरी जाणारा वॉचमन तिथे येत नाही. त्याला कुणी ‘सायकलप्रेमी’ म्हणत नाही, तो फक्त सायकल चालवतो. आपल्याकडे सायकल ट्रॅकच्या आखणीचं मानक 1962 पासून आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने ते 2015 मध्ये सुधारलं. सभासद अभियंत्यांच्या समित्यांत अशी मानकं घडतात. याउलट त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका माणसाबद्दल आपल्या कायद्याने जास्त शहाणपण दाखवलं आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना द्याव्या लागतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांना. अंमलबजावणीची रडकथा वेगळी. तरीही भाजीवालीला हरकत नोंदवायला बोलावणं आणि तिला समितीत खुर्ची देणं हा फरक त्या कायद्याने ओळखला. सायकल ट्रॅकवर भाजीची टोपली मांडली म्हणून तिच्यावर चिडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ट्रॅक आखताना तिच्या टोपलीला जागा कुणी विचारलीच नव्हती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत बोचतो: ऐकत बसण्याची किंमत कुणी मोजायची? 1971 मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत 400 हून अधिक मुलं होती. त्या काळात आईबाप ‘स्टॉप द किंडरमोर्ड’, म्हणजे मुलांच्या हत्या थांबवा, असं म्हणत रस्त्यावर उतरले. त्यांना कुणी ‘आधी सर्व संबंधितांचं मत घेऊ’ म्हटलं असतं तर ते अश्लील वाटलं असतं. हे मी मान्य करतो, आणि त्यातून निघणारा भेदही: सायकलला सुरक्षित जागा द्यावी की नाही, हा प्रत्येक गल्लीत नव्याने मतास टाकायचा प्रश्न नाही. ती कशी द्यावी, हा आहे. शिवाय मार्गदर्शिका लिहिताना एकदा नीट ऐकलं तर शेकडो रस्त्यांवर तेच भांडण पुन्हा करावं लागत नाही. न ऐकता वाचवलेला वेळ नंतर फरशी उखडण्यात जातो. नेदरलँड्सच्या सायकल पुस्तिकेने 1993 मध्ये सलगता, थेटपणा, सुरक्षितता, आराम आणि आकर्षकता या पाच अटी घातल्या. ब्रिटनच्या पुस्तिकेत जवळपास त्याच दिसतात. अटी अशा उसन्या घेता येतात. त्यांच्यामागे दोन दशकं चाललेली हुज्जत उसनी मिळत नाही.

तरीही सगळं ऐकून, सगळा पूर्वपक्ष मांडून काही विरोध शिल्लक राहतोच. लंडनमध्ये 2013 मध्ये स्ट्रॅटफर्डकडे जाणाऱ्या सायकल मार्गावर बसथांब्यांच्या मागून ट्रॅक वळवला गेला. थांबा मध्ये बेटासारखा, आणि फुटपाथवरून त्या बेटावर जायला ट्रॅक ओलांडायचा. सायकलस्वाराच्या दृष्टीने ही जीवदान देणारी रचना आहे, कारण थांबलेल्या बसला वळसा घालून धावत्या मोटारींत शिरायची त्याची वेळ टळते. अंध प्रवाशाला मात्र बसमधून उतरल्यावर जिचा आवाजच येत नाही अशा वाहनाची वाट ओलांडावी लागते. छोटा झेब्रा पट्टा रंगवला तरी सायकल थांबली की नाही हे त्याला कसं कळावं? इथे मियाकेंची फरशी अजून सापडलेली नाही. तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास म्हणतील, ज्यांच्यावर नियमाचा परिणाम होतो ते सगळे विवेकी चर्चेअंती ज्याला संमती देऊ शकतील तोच नियम वैध. ही कसोटी लावली तर बसथांब्याविषयी कोणताच नियम लिहिता येणार नाही, आणि नियम नसण्याचाही कुणाला तरी फटका बसतोच. दुसरे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांचा विचार इथे जास्त कामाचा आहे. दोन कर्तव्यांच्या टकरीत योग्य निवड केल्यावरही नाकारलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही, त्याची बाकी राहते, असं त्यांनी 1965 मध्ये दाखवलं. मार्गदर्शिकांनी ही बाकी छापावी. बसथांब्याच्या आकृतीशेजारी, परिशिष्टात दडवून नव्हे, स्पष्ट लिहावं की या रचनेला अंध प्रवाशांचा विरोध आहे, त्याची कारणं ही, ते मान्य करता आलं नाही याची कारणं ही, तोवर त्यांच्यासाठी अमुक करणं बंधनकारक आहे, आणि हा निर्णय अमुक साली पुन्हा तपासला जाईल. असं छापल्याने पुस्तिकेचा अधिकार कमी होतो अशी भीती खात्यांना वाटते. 2011 च्या पुस्तिकेत अशी बाकी ठसठशीत छापलेली असती, तर सात वर्षांनी ती अख्खी मागे घेण्याऐवजी एक पान दुरुस्त करून भागलं असतं.